तिसऱ्यांचं बी नेण्यासाठी थर्माकोलची मासळी-पेटी: कुठे पुरते, कुठे कमी पडते

तिसऱ्यांचं (खाडीतल्या खायच्या शिंपल्यांचं) बी एका खाडीतून दुसऱ्या खाडीत किंवा बी तयार करणाऱ्या हॅचरीतून किनाऱ्यावर न्यायचं म्हटलं की सगळ्यांत आधी हाताशी येते ती मासळी बाजारातली पांढरी थर्माकोलची पेटी. स्वस्त, हलकी, कुठल्याही बंदरावर मिळणारी. पण ही पेटी बनलेली आहे मेलेली मासळी बर्फात ठेवण्यासाठी, आणि जिवंत बियाची गरज जवळजवळ उलटी असते. त्याला बर्फ लागता कामा नये, गोडं पाणी लागता कामा नये, तळाशी पाणी साचता कामा नये आणि झाकण हवाबंद असता कामा नये. पेटी आणली तशीच भरली तर बी मरतं, आणि वर ‘बीच कमजोर होतं’ असं म्हणून विषय संपवला जातो. चार बदल केले तर हीच पेटी बारा-चौदा तासांच्या प्रवासाला पुरेशी आहे. त्यासाठी महागडी पेटी घेण्याची गरज नाही. त्यापुढच्या अंतराला मात्र तिच्यावर विसंबू नये.

इथे जिचा विचार केला आहे ती नेहमीची पेटी: बाहेरून साधारण ६० × ४० × ३० सेंटीमीटर, भिंत अडीच सेंटीमीटर जाड, झाकण खाचेत बसणारं. बी म्हणजे तिसऱ्या म्हणून बाजारात येणाऱ्या पॅफिया आणि मेरेट्रिक्स या वंशांतल्या जातींची ४ ते १२ मिलिमीटरची पिल्लं. एका पेटीत असं बी १० किलोच्या आसपास भरावं. जागा आणखी असते, पण तिथे हात आवरलेला बरा.

पाण्याबाहेर काढलेली तिसरी शिंपा मिटून घेते आणि ऑक्सिजनशिवाय कसंबसं निभावते. त्यात शरीरात आम्ल साठत जातं. ते मारण्यासाठी ती स्वतःच्याच शिंपेतला चुना थोडा थोडा विरघळवते. ही तगून राहण्याची मुदत तापमानावर ठरते: दहा अंशांनी गरमी वाढली की शरीरातली उलाढाल ढोबळमानाने दुप्पट होते, म्हणजे मुदत निम्म्यावर येते. पिल्लू जितकं लहान तितकी त्याची शिंप पातळ, आतलं पाणी थोडं आणि वजनाच्या मानाने उघडा पृष्ठभाग जास्त, म्हणून ते आधी सुकतं. मोठ्या तिसऱ्या टोपलीत दिवसभर टिकतात म्हणून बीही टिकेल, हा हिशेब चुकतो तो इथेच.

मग थंड करायचं किती? आपल्या खाडीतलं बी २८-३० अंशांच्या पाण्यातून निघतं. त्याला १८ ते २२ अंश मानवतं. फ्रीजसारखं ४-५ अंशांवर नेलं तर थंडीचाच धक्का बसतो, शिंप धरून ठेवणारा स्नायू सैल पडतो आणि तोंड उघडतं. थंड प्रदेशातल्या जातींसाठी लिहिलेले आकडे आपल्याकडे जसेच्या तसे वापरण्यात हा धोका आहे. अमेरिकेत फ्लोरिडातसुद्धा, उन्हाळ्याच्या कोमट पाण्यातून काढलेल्या मोठ्या क्लॅम (तिकडच्या तिसऱ्या) थेट ७ अंशांच्या शीतखोलीत ठेवल्या की मरतात, म्हणून त्या आधी २० अंशांच्या आसपास ठेवून मगच पुढे थंड करण्याची पद्धत तिथे आहे. ती तर विक्रीला जाणारी पूर्ण वाढलेली क्लॅम. आपलं नखाएवढं बी त्याहून नाजूक.

आता पेटी कितपत थंडावा धरते ते पाहू. बाहेर ३२ अंश आणि आत २० अंश धरले तर अडीच सेंटीमीटर भिंतीच्या या पेटीतून सुमारे १७ वॅट उष्णता सतत आत झिरपत राहते. बारा तासांत ती ७२५ किलोज्यूलच्या घरात जाते. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल घेतो, म्हणजे नुसती गळती भरून काढायला सव्वादोन किलो बर्फ गेला. १० किलो बी २९ वरून २० अंशांवर आणायला आणखी अर्धा-पाऊण किलो. झाकण उघडणं, ऊन, टेम्पोचा तापलेला पत्रा धरून साडेतीन किलो घ्या: अर्ध्या लिटरच्या आठ बाटल्या. वितळलेलं पाणीही पुढे थोडी उष्णता घेतंच, ती गंगाजळी समजा. भिंत चार सेंटीमीटरची असेल तर गळती भरायला दीड किलोच्या आत भागतं. म्हणून खरेदी करताना लांबी-रुंदीपेक्षा भिंतीची जाडी आधी मोजा. दुकानात दोन पेट्या दिसायला सारख्याच असतात, पट्टी लावली की फरक कळतो. बोटाने दाबल्यावर खोलगट डाग राहिला तर तो माल हलका. त्याची कड दोन फेऱ्यांत झिजते.

सुटा बर्फ वापरू नका. ही या पेटीच्या वापरातली सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे. बर्फाचा चुरा वितळला की गोडं पाणी बियावर उतरतं. वरच्या थरातली पिल्लं शिंप घट्ट मिटून थोडा वेळ तग धरतात. तळाशी साचलेल्या पाण्यात बसलेली मात्र कधीतरी तोंड उघडतात आणि संपतात. पिशवीतला बर्फही नको, कारण ती खड्ड्यांत फुटते. पाण्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटल्या नव्वद टक्के भरून गोठवणं हा सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा उपाय. विकतचे जेल पॅक चालतात, पण शून्याच्या खाली गोठणारे मिठाचे पॅक या कामाला घेऊ नका, ते शेजारचं बी गोठवतात.

बाटल्या नेहमी वर ठेवायच्या, कारण थंड हवा खाली उतरते. बी आणि बाटल्या यांच्यामध्ये भोकं पाडलेला पन्हळी प्लॅस्टिकचा पत्रा घाला आणि प्रत्येक बाटली वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्यांत गुंडाळा. आठही बाटल्या सुरुवातीलाच ठेवल्या तर पहिल्या दोन तासांत वरचा थर १५ अंशांखाली जातो आणि पहाटेपर्यंत थंडावाही संपलेला असतो. म्हणून निघताना चार ठेवा, चार दुसऱ्या छोट्या पेटीत सोबत घ्या आणि मध्ये थांबाल तिथे बदला. तारेच्या टोकाला सेन्सर असलेला साधा डिजिटल थर्मामीटर इथे फार उपयोगी पडतो: सेन्सर पिशव्यांच्या मधोमध खुपसायचा, तार झाकणाच्या खाचेतून बाहेर काढायची, आकडा झाकण न उघडता वाचायचा. भिंतीला टेकवलेला सेन्सर भिंतीचं तापमान सांगतो, बियाचं नाही.

तळाचा प्रश्न थंडाव्याइतकाच महत्त्वाचा आहे, पण त्याकडे कमी लक्ष जातं. बी वाटेत थोडं पाणी सोडतंच. ते तळाशी साचतं, त्यात विष्ठा आणि अमोनिया उतरतो आणि ऑक्सिजन संपतो. त्यात बसलेला खालचा थर आधी मरतो, मग त्याची घाण वरच्यांना लागते. तळाला भोक पाडणं हा सोपा उपाय वाटतो, पण गळणारी पेटी कुणी वाहतूकदार घेत नाही, आणि दुसऱ्याच्या मालावर खारं पाणी सांडलं तर तो वेगळाच तंटा. त्यापेक्षा आत अडीच-तीन सेंटीमीटर उंचीचा खोटा तळ करा. पीव्हीसी पाइपचे तुकडे आडवे टाकून त्यावर प्लॅस्टिकची जाळी टाकली की झालं. हा या पेटीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी बदल.

हवेसाठी झाकणाच्या खाली, आखूड बाजूंच्या भिंतींना वरच्या कडेला पेन्सिलीएवढी दोन-दोन भोकं पुरेत. झाकणाला भोकं पाडू नका. पेट्या एकमेकींवर रचल्या की वरचीचं ठिबकणारं पाणी खालच्या पेटीत येतं. चिकटपट्टी चारही कडांना गुंडाळण्याऐवजी दोन ठिकाणी आडवी लावा.

भरण्याची पद्धत पेटीच्या जाहिरातीत कुठे नसते, आणि बी वाचतं ते बरंचसं तिच्यामुळे. तिसरी वाळूत किंवा गाळात रुतलेली असते तेव्हा चहूबाजूंच्या दाबाने शिंपा मिटलेल्या राहतात. बाहेर काढली की तो आधार जातो. सगळं काम स्नायूवर येतं आणि तो थकला की तोंड उघडतं. म्हणून बी जाळीच्या पिशवीत सैल सोडू नका. पिशवी भरली की वरचं तोंड पिळून बांधा, बोटाने दाबलं तरी आतलं बी सरकायला नको. खड्ड्यांचा मारही त्यामुळे कमी बसतो. ४ ते ६ मिलिमीटरच्या बियाला एका पिशवीत एक किलोपेक्षा जास्त नको आणि पिशवी चार सेंटीमीटरहून जाड नको. १० ते १२ मिलिमीटरचं बी दोन-अडीच किलोपर्यंत चालतं. जाळीचा डोळा शिंपेच्या लांबीच्या निम्म्याहून लहान ठेवा. डोळा मोठा असला की पिल्लं अर्धी आत अर्धी बाहेर अडकतात आणि पिशवी उचलताच शिंपेची कड तुटते. कड तुटलेलं बी त्या दिवशी जिवंत दिसतं आणि पाण्यात टाकल्यावर चार-पाच दिवसांनी मरतं.

ओलावा टिकवायला सुती कापड किंवा गोणपाट. नवं गोणपाट थेट वापरू नका, तागाच्या प्रक्रियेत तेल वापरतात आणि त्याचा वास त्याला असतोच. दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून, मग खाडीच्या पाण्यात खळखळून घ्या. खताची किंवा सिमेंटची जुनी गोणी कितीही धुतली तरी नको. कापड ज्या पाण्यातून बी काढलं त्याच खारटपणाच्या पाण्यात भिजवायचं आणि पाणी टपकायचं थांबेपर्यंत पिळायचं. एक ओलं कापड तळाला, एक पिशव्यांच्या प्रत्येक थरामध्ये, एक वर. पाणी ओतून ‘ताजं ठेवण्याचा’ मोह आवरा. ओली हवा पुरते.

पेटी बंद करण्याआधीची कामं थोडक्यात सांगण्यासारखी असली तरी ती चुकवली तर पुढचं सगळं वाया जातं. बी उधाणाच्या ओहोटीला, सकाळच्या गारव्यात काढावं. जोरदार पावसानंतर लगेच काढू नये, खाडीचा खारटपणा उतरल्याने ते आधीच दमलेलं असतं. काढलेलं बी स्वच्छ, गाळलेल्या खाऱ्या पाण्यात हवा सोडून बारा ते चोवीस तास उपाशी ठेवलं की पोटातला गाळ आणि विष्ठा बाहेर पडते. नाहीतर हीच घाण पेटीत पडते. मग चाळून फुटकी, उघडी, रिकामी शिंप काढून टाका आणि दहा ग्रॅमच्या नमुन्यातली संख्या मोजून एकूण किती बी जातंय ते लिहून ठेवा. शेवटी सावलीत, ओल्या कापडाखाली, पंख्याच्या वाऱ्यात तासभर ठेवा. त्याने तापमान २५-२६ वर येतं आणि बर्फावरचा बोजाही हलका होतो. गाडी संध्याकाळी सुटू द्या, दिवसा उन्हात पेटी उभी राहिली तर वरचा सगळा हिशेब कोलमडतो.

आता इतर पर्यायांशी तुलना. मत्स्यबीजासाठी वापरतात ती एक तृतीयांश पाणी आणि दोन तृतीयांश ऑक्सिजन भरलेली पॉलिथिनची पिशवी तिसऱ्यांसाठीही मागितली जाते. मासळीच्या पिल्लांना ती हवीच, पण तिसऱ्यांना पाण्याबाहेर राहण्याची निसर्गतःच सवय असते. पाण्यात ठेवलं की त्या तोंड उघडून खातात, मलमूत्र टाकतात, अमोनिया वाढतो. वर भाडं पाण्याच्या वजनाचं भरायचं. ओल्या हवेतली पेटी इथे सरळ सरस ठरते. दुसरा पर्याय, भोकाचा प्लॅस्टिक क्रेट आणि वर भिजलं गोणपाट. दोन-तीन तासांच्या रात्रीच्या प्रवासाला तो छान चालतो, हवा खेळती राहते, पाणी साचत नाही. पण धावत्या टेम्पोत वाऱ्याने गोणपाट तासाभरात वाळतं आणि मग बी सुकतं. तिसरा, जाड भिंतीची रोटोमोल्डेड (एकसंध प्लॅस्टिकची) बर्फपेटी: तापमान कितीतरी जास्त वेळ स्थिर राहतं, धुवायला सोपी, वर्षानुवर्षं टिकते. किंमत मात्र शेकड्यांवरून हजारांत जाते, आणि झाकणाचा रबर इतका घट्ट असतो की प्रवासात पाणी काढायची तोटी उघडी ठेवणं भाग पडतं. चोवीस तासांच्या पुढचा प्रवास नियमित असेल, तरच ती घ्या.

पोहोचल्यावर पेटीला नावं ठेवण्याआधी उतरवण्याची पद्धत तपासा. २० अंशांवरचं बी तडक २९ अंशांच्या पाण्यात ओतलं तर चांगल्या पेटीचं काम पाच मिनिटांत मातीत जातं. झाकण उघडून सावलीत अर्धा-पाऊण तास ठेवा, मग जिथे सोडायचं तिथलंच पाणी तासभर थोडं थोडं शिंपडा. रिफ्रॅक्टोमीटरने दोन्हीकडचा खारटपणा मोजा. फरक ५ पीपीटीहून (हजार भाग पाण्यात ५ भाग मीठ) जास्त असेल तर टाकीत मिश्र पाणी करून टप्प्याटप्प्याने न्या. पहिले काही तास बी ऑक्सिजनची उधारी फेडत असतं, त्या वेळी ट्रेमध्ये हवा जोरात सोडलेली हवी आणि बी पातळ पसरलेलं हवं.

जगलं किती, हे त्याच संध्याकाळी सांगू नये. शंभर पिल्लं वाळूच्या ट्रेमध्ये ठेवा आणि तासाभरात किती आत शिरतात ते मोजा. तोंड मिटलेली आणि वर पडून राहिलेली पिल्लं मोजणीत जिवंत धरली जातात, पण खाडीत सोडली की खेकड्यांचं आणि माशांचं पहिलं भक्ष्य तीच असतात. मग दुसऱ्या दिवशी आणि पाचव्या दिवशी उघडी शिंप मोजा. पेटीत मेलेलं आणि पेटीमुळे नंतर मेलेलं, दोन्ही आकडे मिळाले तरच पुरवठादाराशी बोलण्यात अर्थ आहे. वरच्या थरातलं बी मेलं असेल तर बर्फ लागला, खालचं मेलं असेल तर पाणी साचलं, सगळीकडे सारखं मेलं असेल तर तापमान चढलं किंवा बी मुळात दमलेलं होतं. हे ओळखायला पिशव्यांवर थराचा क्रमांक लिहिलेली प्लॅस्टिकची पट्टी बांधा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि पुढच्या वेळी काय बदलायचं ते त्यातूनच कळतं.

एक गोष्ट पेटीच्या गुणदोषांपलीकडची, पण तिच्यातूनच घडणारी. बियासोबत दुसरं काहीतरी प्रवास करतं. केरळात अष्टमुडी कायल या खाडीसरोवरातल्या तिसऱ्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये एमएससी (मरीन स्ट्युअर्डशिप कौन्सिल) या संस्थेचं शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं ते पहिलं. त्याच अष्टमुडीत पुढे मायटेला स्ट्रिगाटा हा बाहेरून आलेला शिंपला पसरला आणि तिसऱ्यांच्या जागेवर त्याने आक्रमण केलं. पर्किन्सस ओल्सेनी हा परजीवीही आपल्या किनाऱ्यावरच्या हिरव्या शिंपल्यात आणि मोती-कालवात सापडलेला आहे. म्हणून पिशव्या भरण्याआधी बी चाळणीवर स्वच्छ खाऱ्या पाण्याच्या फवाऱ्याखाली धुवा, चिकटलेले बारीक शिंपले आणि गोगलगायी वेचून काढा, आणि पेटीच्या तळाचं पाणी नव्या खाडीत कधीही ओतू नका. ते किनाऱ्यापासून लांब, जमिनीत मुरेल असं टाका. गोणपाट उन्हात कडकडीत वाळवा.

पेटी धुताना जपायला हवं. थर्माकोलच्या दाण्यांमधल्या फटींत पाणी शिरतं आणि ब्लिचिंग पावडरचं द्रावण तिथे अडकून बसतं. वापरायच्या आदल्या दिवशी ब्लिचने धुतलेली पेटी दुसऱ्या दिवशी बियाला मारू शकते. धुवून, तीन-चारदा साध्या पाण्याने खंगाळून, दोन दिवस उन्हात ठेवून, वास पूर्ण गेला की मगच वापरा. मासळीची जुनी पेटी बियासाठी घेऊ नका. ती कशाने धुतली आहे ते कळायला मार्ग नसतो. नवीन घ्या आणि बाजूला मोठ्या अक्षरांत ‘बी’ लिहून ठेवा.

आधी खराब होते ती झाकणाची कड. खाच झिजली की झाकण हलतं, फटीतून गरम हवा शिरते आणि बर्फाचा वर मांडलेला हिशेब तासाभराने आधीच संपतो. विक्रेत्यांकडे झाकण वेगळं मिळत नाही ही या मालातली खरी उणीव आहे. पेटी धडधाकट असताना झाकणापायी ती टाकावी लागते. कडेला दोन बोटं रुंदीची फोमची पट्टी चिकटवली तर काही फेऱ्या निभावतात. त्यानंतर ती पेटी बर्फातल्या मासळीच्या कामाला काढा आणि तुटलेले तुकडे पोत्यात भरून परत न्या, खाडीच्या काठावर सोडू नका.